दुसऱ्या सीडीवरची विभूती

मास्तर,

वाईट बातमी आधी सांगायची, असा तुमचा नियम होता. कुणी "त्याचं असं झालं मास्तर" करून लांबण लावली की तुम्ही पेन्सिल टेबलावर आपटायचात. "कोण मेलंय ते आदी सांग, कसं मेलं ते मागनं बगू." तर आधी तेच सांगते. तुमचं वर्कस्टेशन उद्या भंगारात चाललंय. धाकट्या मालकांना आपली डिझाईनची खोली तयार टॉवेलांच्या गठ्ठ्यांसाठी हवी आहे. त्यांचंही चुकत नाही. गेली कित्येक वर्षं ते मशीन कोपऱ्यात एका नापास चादरीखाली झाकून पडलंय आणि आमची सगळी कामं आता साध्या कॉम्प्युटरवर होतात. मला मशीनचं दुःख नाही. लोखंड आहे, जाईल. पण त्याच्या पोटात तुमची कणसं होती.

तुम्हाला आठवत असेलच, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. आजारपणाच्या आधी तुम्ही ते शेवटचं डिझाईन केलं होतंत. चादरीच्या चारही कडांना ज्वारीची कणसं, वाऱ्यानं एका बाजूला कललेली, आणि मधे मोकळं शेत असावं तसा कोरा रंग. मोठ्या मालकांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ज्वारी खातात, पांघरत नाहीत." डिझाईन बाजूला पडलं. मग तुम्हीच गेलात. पुढे नवे कॉम्प्युटर आले तेव्हा मागावर चालू असलेली तेवढी डिझाईनं तिकडे नेली आणि जी कधी विणलीच नाहीत ती जुन्यात राहिली. पण काकूंना तुम्ही घरी सांगून ठेवलं होतंत की पहिली चादर तुझी. काकू काही विसरणाऱ्या नव्हेत. दर दिवाळीला मी फराळ घेऊन गेले की विचारणारच, "ती कणसं कुटं गेली गं?" मी दर वेळी "बघते" म्हणायची. गेल्या दिवाळीला काकू खाटेवरून उठल्या नाहीत. डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही, माझा चेहरा त्यांनी हातानं चाचपून ओळखला, आणि विचारलं तेच. डॉक्टर काही स्पष्ट बोलत नाहीत, म्हणजे काय ते आपण समजायचं. म्हणून धाकटे मालक जेव्हा म्हणाले की शनिवारी भंगारवाला येतोय, तेव्हा मी त्यांच्याकडे तेवढा एक आठवडा मागून घेतला. ते हसले. "मॅडम, त्यात काय सोनं ठेवलंय का?" मी म्हटलं, ज्वारी ठेवलीय.

सोमवारी चादर काढली, धूळ झटकली, बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडद्यावर ओळ आली की सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही. त्या मशीनमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या, एकीवर मशीन चालवणारं युनिक्स आणि दुसरीवर आपली डिझाईनं. युनिक्सवालीनं मान टाकली होती. डिझाईनवाली फिरत होती, तिचा तो बारीक शिट्टीसारखा आवाज मी लगेच ओळखला. पण युनिक्स उभं राहिल्याशिवाय त्या डिझाईनांपर्यंत पोचायची दुसरी वाट नाही. हल्लीच्या कुठल्याच कॉम्प्युटरला ती डिस्क जोडता येत नाही, आणि जोडली तरी त्या फाइली फक्त तिथल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. म्हणजे मला स्टोअरमधली एक पडीक डिस्क बसवून सगळं पहिल्यापासून सीड्यांवरून घालायला हवं होतं. सीड्यांचा खोका कपाटात होता. उघडला आणि सगळ्यात आधी दुसऱ्या नंबरची पिशवी दिसली, लाल दोऱ्याची टीप घातलेली. मी तिथंच खुर्चीवर बसले.

ती खोली तुमच्या वेळी कशी होती, हे आताच्या पोरींना सांगून पटत नाही. सगळ्या कारखान्यात तेवढ्याच एका खोलीला एसी. सोलापूरचा उन्हाळा, बाहेर मागांची खडखड, कापसाचा भुगा उडतोय, आणि आत थंडगार शांतता. दाराबाहेर चपला काढायच्या. मशीनमध्ये धूळ जाऊ नये म्हणून पुण्याच्या इंजिनियरनं तसं सांगितलं होतं, पण तुम्ही त्याचं देऊळच केलंत. मोठे मालकसुद्धा बूट काढून यायचे. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन नवीनच लागले होते, आणि तुम्ही मला पहिल्या दिवसापासून "काय इंजिनियर" म्हणायचात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला वर्षभर कळलं नाही. तुम्ही ग्राफच्या कागदावर चौकोन भरून आयुष्य काढलेलं आणि मला मागाचं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही मला रंग शिकवायचात, मी तुम्हाला माऊस. तुम्ही माऊस उचलून पडद्याला लावून बघितला होतात, ते मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला राग यायचा तो पण धडाक्याचा. एकदा मी फाइल सेव्ह न करता जेवायला गेले तर तुम्ही माझा डबा उचलून मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला होतात, "हिला हितं काम न्हाय, हिला हितं फक्त भूक लागती" म्हणून.

युनिक्सच्या नव्या आवृत्तीच्या सीड्या आल्या त्या नेमक्या दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक मागाला झेंडूची माळ पडते, कात्र्या, पाने, तेलाच्या बुधल्या पूजेला मांडतात. तुम्ही म्हणालात, आपली हत्यारं हीच. टेबलावर कोरा टॉवेल अंथरून सगळ्या सीड्या डब्यांतून काढून ओळीनं मांडल्यात, चकचकीत बाजू वर. मी म्हटलं, "मास्तर, नाव लिहिलंय ती बाजू वर असते." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाव पाठीवर असतंय, क्रिकेटवाल्यांच्या. जितं तोंड दिसतंय ती म्होरली बाजू." मी वाकून बघितलं. दिसत होतं खरं त्यात तोंड. मग तुम्ही तुमची ती विभूतीची वडी काढलीत. सकाळी आंघोळ करून कपाळावर तीन पट्टे ओढल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पडत नसायचात, आणि त्या दिवशी मशीनलाही तेच. वडीवर पाणी सोडून तीन बोटं फिरवलीत आणि मशीनला, पडद्याला, कीबोर्डला पट्टे ओढलेत. मग माणसं. मागाला नक्षीची कार्डं मारणारे काका, मागावरचे दोघंतिघं, दारात उभे असलेले मोठे मालक, सगळ्यांनी कपाळ पुढं केलं. मग तुम्ही माझ्यासमोर आलात.

आम्ही बौद्ध. आई विड्या वळायची, आणि मी नोकरीला निघाले त्या दिवशी तिनं तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन एवढंच सांगितलं होतं की काम कुठलंही कर, कपाळ आपलं ठेव. मी म्हणाले, "नको, मास्तर." तुम्ही विचारलंत, "बेडा?" कानडीतच विचारलंत, म्हणजे खरोखरच गोंधळला होतात. मी म्हटलं, "नको. आमच्यात देवाचं लावून घेत नाहीत." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. खोलीत कुणीतरी खाकरलं. तुमची तीन ओली बोटं माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर, आणि ती खाली कशी येणार ते कुणालाच कळत नाहीय. मला वाटलं, गेली नोकरी. आज संध्याकाळी आईला काय सांगायचं ते मी तिथं उभी राहून जुळवायला लागले होते. तुम्ही हात मागं घेतलात. पण ओली विभूती बोटांवर घेऊन माणूस करणार काय? धोतराला पुसता येत नाही, खाली झटकता येत नाही. तुमची नजर टेबलावर गेली, आणि समोर पडलेल्या दुसऱ्या नंबरच्या सीडीवर तुम्ही तीन आडवे पट्टे ओढलेत. "बरं. तुज्या वाटणीची हिला," एवढं बोलून नारळ फोडायला बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी ती वाळलेली विभूती तुम्हीच टॉवेलच्या टोकानं पुसलीत. गोल गोल, जोर लावून, लखलखीत होईपर्यंत. मी शेजारीच बसले होते. पुसायचं कसं असतं ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर माग बंद असलेला दिवस बघून आपण अपग्रेडला बसलो. पहिली सीडी घातली, मशीननं भाषा विचारली, गावाची वेळ विचारली, आणि मग तो प्रश्न आला की आहे त्यावर अपग्रेड करू, का सगळं नव्यानं घालू. तुम्ही विचारलंत, नव्यानं म्हणजे काय. मी सांगितलं, आहे ते पुसून. "पुसून?" तुम्ही असं विचारलंत जसं मी घर जाळायला निघाले होते. मग तुम्ही मला मागाजवळ नेऊन सांधणी दाखवलीत. मागावरचा उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपत आला की तो कापून फेकत नाहीत. त्याच्या एकेका धाग्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडायचा आणि हळूच ओढून घ्यायचा, म्हणजे नवा ताणा जुन्याच्याच वाटेनं सगळ्या भोकांतून पार होतो. "जुनं धरून ठिवायचं ते वाट दाखवायला. आपल्याला पुसायचं न्हाय, सांधायचं हाय. ते काय म्हणतंय तुजं, ते अपग्रेड दाब." मी दाबलं. पण आधी तुम्ही माझ्याकडून सगळं टेपवर उतरवून घेतलं होतंत, गाठ मारल्याशिवाय कात्री लावायची नाही म्हणून, आणि त्याबद्दल मी पुढे तुमचे किती उपकार मानले असतील.

पहिली सीडी गेली गुळासारखी. मशीननं दुसरी मागितली, मी घातली. पट्टी सरकत सरकत मध्याच्या थोडी पुढं गेली आणि ड्राइव्ह करकर करायला लागला. मग पडद्यावर एकाखाली एक चुकांच्या ओळी. परत घातली, परत तिथंच. मशीन जुन्यातही सुरू होईना आणि नव्यातही. सांधणी अर्धी झालेली आणि जुना ताणा कापलेला. परदेशी गिऱ्हाइकाचे नमुने त्याच आठवड्यात जायचे होते. मोठे मालक आले, बूट काढायचे विसरून आले, तेव्हाच मी ओळखलं. "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "सीडी खराब हाय." "कशानं?" खोलीत आम्ही जेवढे होतो त्या सगळ्यांनी खंडेनवमीला तुमचा हात बघितला होता. तो माझ्या कपाळावरून सीडीवर कसा गेला तेही बघितलं होतं. मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे न बघता हातानं खूण केलीत, बस. आणि म्हणालात, "माज्या हातानं."  मालकांनी मग सगळ्यांच्या देखत तुम्हाला ऐकवलं. मशीन म्हणजे देव्हारा नव्हे, उद्यापासून तुम्ही कागदावर काढा, मशीनला हात लावायचा नाही. साध्या डब्यावरून मला रडवणारे तुम्ही, तिथं मान खाली घालून उभे होतात. मला तुमची दया नाही आली, मास्तर. मला राग आला. कुणाचा ते अजून नीट सांगता येत नाही.

त्याच दुपारी तुम्ही मला जेवायला घरी घेऊन गेलात. "चल, काकूकडं. तिच्याबी शिव्या खाऊ, म्हंजे आजचा कोटा पुरा हुईल." मी पहिल्यांदाच तुमच्या घरी येत होते आणि उंबऱ्याशी माझे पाय घुटमळले, तर काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आत ये की, भाकरी काय भाईर आणून देऊ व्हय?" चुलीशेजारच्या पाटावर तुम्ही, तुमच्या शेजारी मी. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वाडग्यात पातळ आमटी. तुम्ही सगळं सांगितलंत, सीडी, पट्टे, टॉवेल. काकूंनी लाटणं म्हणून हाताला लागली ती पळीच उगारली. "राखेनं पितळ घासतोय आपण! आन् तुमी त्या आरशाला घासली व्हय?" "राख न्हवं ती, विभूती हाय." "देवाजवळ विभूती. पितळेजवळ राखच." तुम्ही आमटीचा वाडगा उचललात. काकूंना जिंकणं तुम्हाला कधी जमलंच नाही. मग त्यांनी विचारलं, पण सीडीला लावायची बुद्धी झाली कशी? मी भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले. तुम्ही आमटी ओरपून झाल्यावर म्हणालात, "हिला लावाय गेलो. नको म्हणली." काकूंनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही पुढं म्हणालात, "कपाळ तिचं हाय की. आदी इच्यारायला पायजे होतं मी." काकूंनी "व्हय की" म्हटलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. बास म्हटलं तर ऐकेनात, तेव्हा तुम्ही मला शिकवलंत, "साकु म्हण. मराटीत तिला ऐकू येत न्हाय." आईचं वाक्य मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही तेच बोललात, हे मी घरी जाऊन आईला सांगितलं, आणि विड्या वळताना तिचा हात थांबला.

पुढं तुम्ही स्वतः पुण्याला गेलात आणि दुसऱ्या एका कारखान्याकडून तीच सीडी उसनी आणलीत, मांडीवर डबा धरून, जावयाला आणावं तशी. टेपवरून जुनं परत घातलं, अपग्रेड पुन्हा लावलं, आणि या वेळी सगळे धागे पार झाले. मालकांची ती बंदी आठवडाभरसुद्धा टिकली नाही, कारण नमुने तुमच्याशिवाय होणार नव्हते. उसनी सीडी परत गेली. आणि एक दिवस तुम्ही माझ्या टेबलावर नॅपकिनच्या कापडाच्या शिवलेल्या छोट्या पिशव्या ठेवल्यात, प्रत्येक सीडीला एक. दुसऱ्या नंबरच्या पिशवीवर लाल दोऱ्याची टीप होती. "ही नापास झालेली. पर टाकायची न्हाय. सेटमदली हाय ती." त्या पिशव्यांचे तंतू सीड्यांना चिकटायचे आणि मी दर वेळी फुंकर मारून वैतागायची, पण पिशव्या काही बदलल्या नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक खंडेनवमीला तुम्ही सगळ्यांच्या कपाळाला विभूती लावत आलात आणि माझ्यापाशी पोचलात की डावा हात पुढं करून माझ्या तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचात. इतरांपेक्षा मोठा असायचा तो. मी मोजून बघायची नाही, पण दिसायचं.

तर या आठवड्यात तीच नापास सीडी माझ्या हातात. मंगळवारी पहिली गेली, गुळासारखी. या वेळी मी मशीनला नव्यानंच घाल म्हणून सांगितलं, तुम्ही रागवाल, पण जुनी डिस्क मेली होती, सांधायला टोकच नव्हतं. तुमच्या डिझाईनच्या डिस्कची वायर मात्र आधी काढून ठेवली, चुकून तीच पुसली जायला नको. मशीननं दुसरी मागितली. घातली. पट्टी सरकत सरकत मध्याच्या थोडी पुढं गेली आणि करकर. इतक्या वर्षांनी, तोच आवाज, तीच जागा. मी सीडी पाण्यानं धुतली, मऊ कापडानं टिपली, ड्राइव्हची काच पुसली. परत तिथंच. बुधवार सगळा इंटरनेटवर शोधण्यात गेला. मशीन बनवणारी ती कंपनीच आता राहिलेली नाही, आणि आपली आवृत्ती सोडून बाकीच्या मिळत होत्या. पुण्याचा जो कारखाना होता तिथं फोन केला तर तिथं आता लग्नाचं कार्यालय आहे. डिझाईनला माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, हुशार आहे, फक्त सतत मोबाईल. ती म्हणाली, "मॅडम, टूथपेस्ट लावा की. व्हिडिओ हाय माज्याकडं. लई बारीक खरखर असती त्यात, ओरखडं घासून जात्यात." आणि गेटवरच्या टपरीवरून नळी घेऊनसुद्धा आली. मी तिला मागाकडे पाठवलं, पांढरा ताणा कुठला रिकामा आहे बघून ये म्हणून, आणि सीडी उजेडात धरली. तुमच्या हाताचे ओरखडे स्पष्ट दिसत होते, सगळे गोल. आता मला ठाऊक आहे की गोल ओरखडा वाईट. सीडी वाचणारा किरण त्याच वाटेनं फिरतो, मग तो त्या खाचेतच अडकतो. घासायचं तर मधून बाहेर, सरळ.

टूथपेस्टची नळी हातात होती. समोर, पडद्यामागच्या फळीवर, टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली तुमची विभूतीची वडी होती. तुम्ही गेल्यापासून ती तिथंच आहे. फळी पुसणारे बदलले, वडी कुणी हलवली नाही. मला काकूंची पळी आठवली. पितळेजवळ राखच. गोवऱ्यांची, वस्त्रगाळ केलेली, टूथपेस्टपेक्षा बारीक असेल. मी वडीवर पाण्याचे थेंब सोडले आणि तीन बोटं फिरवली. तेवढीच लागतात, दोन बोटांनी ती नीट येत नाही. मग सीडीवर मधून बाहेर, मधून बाहेर, हलक्या हातानं. नळाखाली धुतली, घातली. पहिल्या वेळी अडलीच, पण थोडी पुढं जाऊन अडली. परत घासली. दुसऱ्या वेळी आणखी थोडी. तिसऱ्या वेळी ती नेहमीच्या जागी आली, ड्राइव्ह करकरला, थांबला, आणि पट्टी सरकली. हा चमत्कार नाही, मास्तर. आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तिकडे ज्याला त्याला सांगत सुटाल. ती घासायची पावडर आहे आणि तिनं पावडरचं काम केलं. पण पट्टी शेवटाला पोचली तेव्हा मी खोलीत एकटी होते आणि मोठ्यानं "मास्तर" म्हणाले. मला तुमची फार आठवण आली. रागाची, टोमण्यांची, त्या खोबऱ्याची.

डिझाईनवाली डिस्क जोडली आणि कणसं उघडली. पडद्याचे रंग उतरलेत, ज्वारी जरा निळसर दिसली, पण कलती तशीच आहे. ती साध्या चित्राच्या फाइलीत उतरवून वायरीवरून नव्या कॉम्प्युटरवर आणली, काल मागावर नमुन्याची एक चादर विणून घेतली, आणि आज दुपारी काकूंकडे घेऊन गेले. त्यांच्या मांडीवर घातली. त्यांनी कडेवरून हात फिरवला, सावकाश, एकेका कणसावर थांबून. "दाणं लागत्यात हाताला," म्हणाल्या. बोटं पानांवर गेली. मग म्हणाल्या, "पानं लई मोटी केलीत. ह्यास्नी सांगितल्यालं मी, बारीक करा म्हणून. ऐकतील तर शपथ." आणि चादर छातीपर्यंत ओढून घेतली, या उन्हात. मी काढू का विचारलं तर म्हणाल्या, "साकु. ऱ्हाऊ दे."

हे तुमच्याच उरलेल्या ग्राफच्या कागदावर लिहिलंय, चौकोनांतून अक्षरं बाहेर जातायत, तुम्ही असतात तर पेन्सिल आपटली असतीत. टाकायला पत्ता नाही, आणि काकूंना वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. वडी माझ्या पर्समध्ये आहे आणि नापास सीडी तिच्या पिशवीत. सेटमधली आहे, भंगारात द्यायची नाही. त्या मुलीला वाटतंय की टूथपेस्टनं झालं. वाटू दे. नळी अजून सीलबंद आहे, हे तिनं बघितलेलं नाही.

एक राहिलं. विभूती कपाळाला नाही लावली, मास्तर. सीडी तेवढी नळाखाली धुतली. हात मात्र धुवायचे राहू दिले, तीन बोटं पांढरी घेऊन घरी गेले, आणि आईच्या फोटोसमोर ती लपवली नाहीत.